घेवड्याच्या मळ्यातला डार्विन

चार्ल्स डार्विन म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती गॅलापॅगोस बेटांवरची महाकाय कासवे आणि माणूस व माकड यांच्या नात्यावरून उठलेले वादळ. पाच वर्षांची ती प्रसिद्ध सागरसफर सोडली, तर या शास्त्रज्ञाने उरलेल्या आयुष्यातली चाळीस वर्षे एका खेड्यात, एका घरात आणि त्या घरामागच्या बागेत काढली, याचा मात्र सहसा विसर पडतो. जगाला हादरवणारा ग्रंथ ज्या घरात लिहिला गेला, त्याच घराच्या मळ्यात घेवड्याच्या वेली होत्या, आणि त्या वेलींना शेंगा कशामुळे धरतात या प्रश्नाचा पिच्छा डार्विनने वर्षानुवर्षे पुरवला. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात त्याचा जीव गुंतला होता. त्यामागे जसे शास्त्र होते, तशी एका बापाची काळजीही होती.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील रॉबर्ट हे नावाजलेले डॉक्टर, तर आई सुझाना ही चिनी मातीच्या भांड्यांसाठी विख्यात असलेल्या वेजवुड घराण्यातली. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई निवर्तली. एडिंबरोला वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून तो केंब्रिजला गेला, तिथे पदवी घेतली आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल जहाजातून जगप्रवासाला निघाला. ऑक्टोबर १८३६ मध्ये तो परतला आणि २९ जानेवारी १८३९ रोजी त्याने एमा वेजवुडशी विवाह केला. एमा ही त्याची मामेबहीण, सख्ख्या मामाची मुलगी. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न ही मान्य रीत आहे. त्या काळच्या इंग्लंडमधील सुखवस्तू घराण्यांतही असे विवाह होत असत. डार्विनच्या कॅरोलाइन या मोठ्या बहिणीचे लग्न तर एमाच्याच भावाशी झाले होते. त्यामुळे या सोयरिकीत कोणाला काही वावगे वाटले नाही.

सप्टेंबर १८४२ मध्ये हे कुटुंब लंडनपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या केंट परगण्यातील एका खेड्यात, डाउन हाउस या घरात राहावयास आले. घर बदलल्यानंतर काही दिवसांतच एमाला मुलगी झाली आणि ती जेमतेम तीन आठवडे जगली. पुढे दहा मुलांपैकी तीन डार्विनला डोळ्यांदेखत गमवावी लागली. त्यांतली अ‍ॅनी ही त्याची अतिशय लाडकी. एप्रिल १८५१ मध्ये दहा वर्षांची अ‍ॅनी आजारपणात गेली आणि तो घाव कधीच भरून आला नाही. तो स्वतःही सतत आजारी असे. उलट्या, थकवा आणि अस्वस्थता यांनी त्याचे अर्धे दिवस वाया जात. उरलेल्या मुलांपैकी कोणी अशक्त दिसले, की आपलीच दुखणी त्यांच्यात उतरली की काय, या शंकेने तो व्याकूळ होई. त्या शंकेच्या मागोमाग दुसरी शंका येई: नवरा-बायकोचे रक्त इतक्या जवळचे असण्याचा तर हा परिणाम नसेल?

या घरातले वातावरण मात्र उदास नव्हते. डार्विन मुलांत रमणारा बाप होता आणि आपल्या संशोधनात त्यांना सामील करून घेई. १८५४ पासून काही वर्षे त्याने भुंग्यांच्या उड्डाणमार्गांचा अभ्यास केला. नर भुंगे ठरावीक झुडपापाशी, ठरावीक झाडाच्या बुंध्यापाशी क्षणभर घोंगावतात आणि पुढे जातात, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग त्याने आपल्या पाच-सहा मुलांना त्या जागांवर पहारेकऱ्यांसारखे उभे केले. भुंगा दिसला की मुलाने ओरडायचे आणि पुढच्या मुलाने लक्ष ठेवायचे. ओळख पटावी म्हणून भुंग्यांवर पीठही भुरभुरले जाई. कीटकांकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या या माणसाची नजर घेवड्याच्या फुलांवर खिळली नसती, तरच नवल.

घेवडा, वाटाणा, तूर, हरभरा या साऱ्यांची फुले एकाच घडणीची असतात. वर एक रुंद पाकळी, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या दोन आणि खाली होडीच्या आकाराची एक बंद घडी. पुंकेसर आणि कुक्षी याच घडीत दडलेले असतात. पराग आणि कुक्षी एकाच बंद खोलीत असल्यावर फुलाने बाहेरच्या कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही, असे त्या वेळच्या बहुतेक जाणकारांना वाटत असे. डार्विनला ते पटत नव्हते. लाल फुलांच्या वेलघेवड्यावर त्याने तासन् तास पाळत ठेवली. मधमाशी नेहमी डाव्या पंखाच्या पाकळीवर उतरते, असे त्याला आढळले. तिच्या भाराने पाकळी खाली दबते, पिळदार घडीतून कुक्षी बाहेर सरकते आणि मधमाशीच्या अंगाला घासते. आधीच्या फुलावरून आलेले पराग तिथे चिकटतात आणि या फुलाचे पराग घेऊन मधमाशी पुढे जाते. रंग, मध आणि पाकळ्यांची ही सारी रचना पाहुण्याच्या पावलांचे माप घेऊन केलेली होती.

नुसत्या निरीक्षणावर समाधान मानणे त्याच्या स्वभावात नव्हते. १८५७ च्या उन्हाळ्यात त्याने काही वेली बारीक जाळीच्या कापडाने झाकल्या आणि काही उघड्या ठेवल्या. उघड्या वेली शेंगांनी लगडल्या. झाकलेल्यांवर फारच थोड्या शेंगा धरल्या. मग झाकलेल्या वेलींपैकी काही फुलांच्या पाकळ्या त्याने मधमाशी हलवते तशा स्वतःच्या बोटांनी हलवल्या आणि त्या फुलांना अधिक शेंगा धरल्या. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्याने हा अनुभव बागायतदारांसाठी निघणाऱ्या गार्डनर्स क्रॉनिकल या साप्ताहिकाला कळवला. विद्वानांच्या सभेपेक्षा माळ्यांच्या साप्ताहिकातून त्याला अधिक उपयुक्त उत्तरे मिळत. शेजारी शेजारी लावलेल्या घेवड्याच्या वाणांची सरमिसळ कोणाला आढळली आहे का, अशी विचारणा तो वाचकांकडे करी. एका वाचकाने काळ्या बियांचा घेवडा इतर वाणांच्या ओळींमध्ये लावला होता आणि त्याच्या बियाण्यातून पुढच्या वर्षी नाना रंगांच्या बिया निघाल्या होत्या. मधमाश्यांच्या कामगिरीचा हा पुरावा डार्विनला मोलाचा वाटला.

पुढचे वर्ष त्याच्या आयुष्यातील सर्वांत खडतर ठरले. जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचे पत्र त्याच्या हाती पडले. डार्विनने वीस वर्षे मनाशी बाळगलेला सिद्धान्त वॉलेसने स्वतंत्रपणे मांडला होता. त्याच दिवसांत खेड्यात लोहितज्वराची साथ पसरली आणि २८ जूनला डार्विनचा सर्वांत धाकटा, दीड वर्षाचा मुलगा दगावला. तीन दिवसांनी, १ जुलै रोजी, लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, तेव्हा डार्विन तिथे हजर राहू शकला नाही. त्यानंतर त्याने आपला महाग्रंथ लिहावयास घेतला. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याने पुन्हा घेवडा आणि मधमाश्या या विषयावर लेख प्रसिद्ध केला. दुःख आणि घाई यांच्या कचाट्यातही त्याचे मळ्यातले काम थांबले नाही.

नोव्हेंबर १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओरिजिन ऑफ स्पीशीज या ग्रंथात शेंगवर्गातील आणखी एका पिकाला मानाचे स्थान मिळाले. ते म्हणजे क्लोव्हर. आपल्याकडे जनावरांना घातले जाणारे बरसीम हे याच कुळीचे. इंग्लंडच्या शेतीत लाल क्लोव्हरवर गुरांचा चारा अवलंबून होता आणि जमिनीचा कस टिकवण्यासाठीही ते फेरपालटीत घेतले जाई. त्याच्या फुलाची नळी इतकी लांब, की साध्या मधमाशीची सोंड तिथे आखूड पडते. ते काम लांब सोंडेच्या भुंग्याचे. ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत डार्विनने आकडेही दिले. लाल क्लोव्हरच्या १०० उघड्या फुलगुच्छांना २,७०० बिया आल्या. झाकलेल्या तितक्याच गुच्छांना एकही आली नाही. पांढऱ्या क्लोव्हरच्या २० उघड्या गुच्छांनी २,२९० बिया दिल्या आणि झाकलेल्या २० गुच्छांनी शून्य.

याच उदाहरणावरून त्याने निसर्गातील साखळी उलगडून दाखवली. भुंग्यांची पोळी जमिनीत असतात आणि शेतातले उंदीर ती उद्ध्वस्त करतात. उंदरांवर वचक मांजरांचा. गावाच्या जवळ मांजरे जास्त, म्हणून तिथे भुंग्यांची पोळीही जास्त. म्हणजे एखाद्या शिवारात क्लोव्हर किती फुलेल, हे त्या गावात मांजरे किती आहेत यावर ठरू शकते. पर्यावरणशास्त्र हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका चाऱ्याच्या पिकावरून मांडलेला हा धडा आजही शिकवला जातो.

अशा कामात चुकाही होत. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये घरातील आजारपणानंतर कुटुंब बोर्नमथला समुद्रकिनारी गेले असताना साध्या मधमाश्या लाल क्लोव्हरवर बसलेल्या त्याला दिसल्या. मधमाश्यांत लांब आणि आखूड सोंडेचे दोन प्रकार असावेत, असा तर्क त्याने घाईने बांधला आणि तो शेजारी व मित्र जॉन लबक याला कळवूनही टाकला. लगेचच आपली चूक त्याच्या लक्षात आली आणि वैतागून, ओशाळून त्याने लबकला दुसरे पत्र लिहिले. आपल्या आवडत्या कल्पनेविरुद्ध जाणारी गोष्ट आधी टिपून ठेवायची, हा त्याचा दंडक होता. क्लोव्हरने त्याची कसोटी घेतली आणि तो तिला उतरला.

फुले इतका खटाटोप करून परक्याचे पराग का मिळवतात, हा मूळ प्रश्न मात्र बाकी होता. १८६२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ऑर्किडवरील पुस्तकाच्या अखेरीस डार्विनने सूचित केले होते, की पिढ्यान् पिढ्या स्वतःच्याच परागांवर भागवणे निसर्गाला मानवत नसावे आणि माणसांतील जवळच्या नात्यातल्या विवाहांनाही हे लागू पडत असावे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाचा शेवट मामेबहिणीच्या नवऱ्याने असा करावा, यातच सारे आले.

पुढे एका वेगळ्याच प्रयोगासाठी त्याने लिनारिया या फुलझाडाचे दोन वाफे लावले. एकात स्वतःच्याच परागांपासून झालेल्या बियांची रोपे होती आणि दुसऱ्यात परक्या परागांपासून झालेल्या बियांची. परक्या परागांची रोपे उघड उघड उंच आणि जोमदार निघाली. एकाच पिढीत इतका फरक दिसेल, अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्यानंतर अकरा वर्षे तो हाच प्रयोग करीत राहिला. एकाच कुंडीत एका बाजूला स्वपरागाचे आणि दुसऱ्या बाजूला परपरागाचे रोप, माती तीच, ऊन-पाणी तेच. ५७ जातींच्या वनस्पती त्याने अशा तपासल्या. त्यांत वेलघेवडा, वाटाणा, बाकला असे शेंगवर्गीयही होते. आयपोमिया या निळ्या फुलांच्या वेलीच्या दहा पिढ्या त्याने वाढवल्या. परपरागाच्या वेलींची उंची १०० धरली, तर स्वपरागाच्या वेली सरासरी ७७ भरल्या.

हे प्रयोग चालू असतानाच त्याने माणसांविषयीची आकडेवारी मिळवण्याचा प्रयत्न केला. १८७१ च्या जनगणनेत पती-पत्नी एकमेकांची सख्खी चुलत, मामे किंवा आते भावंडे आहेत का, हा प्रश्न घालावा, अशी त्याची इच्छा होती. लबक आता संसदेत होता. त्याने १८७० मध्ये ही सूचना मांडली आणि संसदेने ती फेटाळली. तेव्हा डार्विनचा गणितज्ञ मुलगा जॉर्ज याने हा प्रश्न हाती घेतला. आपल्याच आईवडिलांच्या विवाहासारख्या विवाहांची त्याने देशभर मोजदाद केली आणि १८७५ मध्ये निष्कर्ष मांडला, की अशा विवाहांत धोका असलाच, तर तो लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे. बापाच्या काळजीला मुलाने आकड्यांनी दिलेला हा दिलासा होता. हयात राहिलेल्या मुलांपैकी जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस हे तिघेही पुढे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८७६ मध्ये डार्विनचे परपरागीभवन आणि स्वपरागीभवन यांच्या परिणामांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. परागांची देवाणघेवाण वंशाला बळ देते, हे त्यात सिद्ध झाले. ते का, याचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. त्या उत्तराची किल्लीही शेंगवर्गातच होती. ब्रुनो येथील मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये आनुवंशिकतेचे नियम छापले होते. कीटकांच्या मदतीवाचून स्वतःच फळणारे फूल म्हणून मेंडेलने वाटाणा निवडला, तर कीटकांची वाट पाहणारे फूल म्हणून डार्विनने घेवडा. आईकडून आणि वडिलांकडून एकच सदोष गुण आला, की तो दोष उघडा पडतो, आणि जवळच्या नात्यात तशी शक्यता वाढते, हे पुढे मेंडेलच्या नियमांवरून स्पष्ट झाले. मेंडेलच्या कामाची जगाने दखल घेतली ती १९०० मध्ये. तोवर डार्विनला जाऊन अठरा वर्षे लोटली होती.

जमिनीवरच्या या नाट्याइतकेच मोठे नाट्य घेवड्याच्या मुळांशी चालले होते आणि त्याचा उलगडाही डार्विनच्या हयातीत झाला नाही. शेंगवर्गीय पिकानंतर घेतलेला गहू चांगला येतो, हे शेतकऱ्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होते. क्लोव्हर आणि वाटाणा यांना हवेतून नत्र मिळत असावे, असे फ्रान्समध्ये बुसिंगो याने १८३८ मध्ये प्रयोगांवरून सुचवले होते. ज्या वर्षी डार्विनने घेवडा झाकला, त्याच १८५७ मध्ये लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी याची कसून परीक्षा आरंभली. बाहेरचे काहीही मिसळू नये म्हणून त्यांनी माती भाजून घेतली आणि काचेखाली रोपे वाढवली. पिके हवेतील नत्र घेत नाहीत, असे उत्तर निघाले आणि पाव शतक ते प्रमाण मानले गेले. प्रयोग निर्दोष होता. पण ज्याचा शोध घ्यायचा, तोच त्या आगीत जळून गेला होता. डार्विनने वेल झाकली तेव्हा कोणाला बाहेर ठेवतो आहोत, हे त्याला ठाऊक होते. रॉथॅमस्टेडच्या संशोधकांना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते.

आयुष्याच्या उत्तरार्धात डार्विनही मातीकडे वळला होता. डाउन हाउसजवळच्या एका कुरणावर त्याने १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, चर खणून पाहिले, तेव्हा तो थर सुमारे १८ सेंटिमीटर खाली गेलेला आढळला. गांडुळांनी मातीचा कण न् कण वर आणून टाकला होता. ऑक्टोबर १८८१ मध्ये गांडुळांवरील त्याचे पुस्तक निघाले आणि ते हातोहात खपले. तेच त्याचे अखेरचे पुस्तक ठरले. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन हाउसमध्ये एमाच्या सान्निध्यात त्याने देह ठेवला. गावच्या चर्चच्या आवारात विसावा मिळावा, ही त्याची इच्छा होती. देशाने मात्र त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये स्थान दिले.

त्याच्या मागे अवघ्या सहा वर्षांत शेंगवर्गाची उरलेली कोडी सुटली. न्यूझीलंडमध्ये लाल क्लोव्हर जोमाने वाढे, पण त्याला बी पुरेसे धरत नसे आणि बियाणे इंग्लंडहून आणावे लागे. तिथे लांब सोंडेचे भुंगेच नव्हते. १८८५ मध्ये इंग्लंडहून जहाजाने भुंगे नेऊन सोडण्यात आले आणि क्लोव्हर बी धरू लागले. डार्विनच्या जाळीखालच्या प्रयोगाची ही देशव्यापी प्रचीती होती. १८८६ मध्ये जर्मन संशोधक हेलरीगेल याने जाहीर केले, की निर्जंतुक वाळूत उपासमारीने सुकणारा वाटाणा शेतातल्या मातीचे थोडे पाणी घालताच तरारतो. तेच पाणी उकळून घातले तर काही होत नाही. वाटाण्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू त्याला हवेतील नत्र मिळवून देतात, असा त्याचा अर्थ होता. १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक याने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. आज शेतकरी ज्यांना रायझोबियम म्हणून ओळखतात, ते हेच.

वरणातली तूर या दोन्ही शोधांची साक्ष देते. तिच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी असतात. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करतात ती त्यासाठीच. तिच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून शुद्ध बियाण्याचे शेत इतर तुरीपासून दूर ठेवावे लागते. तुरीचे संकरित बियाणे तयार करतानाही परागांची ने-आण कीटकांवरच सोपवली जाते. पीक फुलोऱ्यात असताना अविचाराने कीटकनाशक फवारले, तर अळीबरोबर हे बिनपगारी मजूरही मरतात.

डार्विनला त्या दोन मदतनीसांपैकी एकाचीच ओळख पटली. दुसरा त्याच्या पायांखालच्या मातीत होता. पण पीक एकटे उभे राहत नाही, त्याच्यामागे न दिसणारे अनेक हात असतात आणि त्यांतला एक बाजूला करून पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही, ही दृष्टी त्याने दिली. उत्क्रांतीच्या सिद्धान्तावर वाद घालणारे आजही आहेत. घेवड्याच्या शेंगांवर मात्र कधी वाद झाला नाही. त्या उघड्या वेलीवर धरल्या आणि झाकलेल्या वेलीवर फारच थोड्या धरल्या.